धुराड्यापाशी पंधरा मिनिटं

इंगम, क्वीन्सलँड
१२ जानेवारी २००९

वेनेरा,

आधी बस, मग वाच. मी येतोय.

हो, मीच. तुझा धाकटा भाऊ चिरिनो, जो गेली सेहेचाळीस वर्षं "पुढच्या वर्षी नक्की" असं लिहीत आलाय. विमानात मी जिवंतपणी पाय ठेवणार नाही हे तुला ठाऊक आहेच. आसुन्ता होती तोवर तिचं नाव पुढे करता यायचं, की बायको घाबरते. ती गेल्यावर थाप मारायलाही कुणी उरलं नाही. मग रोझाल्बा म्हणाली, "बाबा, विमान नको ना? बोटीने जा. बोटीनेच आला होतात की." आणि पोरीने खरोखर तिकीट आणून हातात ठेवलं. पर्यटकांची मोठी बोट आहे, जगाला वळसा घालून परत इथे आणून सोडते. तिच्यात नाचघर आहे, पोहायचा तलाव आहे, आणि माणसं दिवसभर जेवतात म्हणे. आलो त्या बोटीत आम्ही उलटी करायलासुद्धा रांग लावत होतो.

बोट १९ मे रोजी कतानियाला लागते आणि संध्याकाळी सुटते. एकच दिवस. आपले आपण भटकायला गेलो आणि उशीर झाला तर बोट थांबत नाही, त्यांच्या बसने गेलो तर थांबते. म्हणून रोझाल्बाने माझं नाव त्यांच्या सहलीत घातलंय. नाव ऐक: "सहल क्रमांक सात. जिवंत ज्वालामुखी आणि मधाची चव. श्रम मध्यम. बंद बूट घालावेत." म्हणजे आपल्या थोरलीला, आपल्याच ज्वालामुखीला, बघायला मी आता तिकीट काढायचं! लहानपणी तिने डोक्यावर काळी वाळू ओतली, ती फुकट.

त्यांचा कागद सोबत पाठवतोय. खालचा फोटो बघ. लाव्हात बुडालेलं घर, नुसतं धुराडं वर आलंय. कुणा बिचाऱ्याचं असेल. तिथे पंधरा मिनिटं थांबून लोकांना मध चाखायला देतात. नकाशावरून जागा आपल्या वळणाच्या जवळच वाटते. मी ड्रायव्हरला पटवीन आणि आपल्या दाराशी उतरेन. बाकीचे मध चाटतील तोवर मी माझ्या खुर्चीत बसून तुझ्या हातचा वांग्याचा पास्ता खाईन. खुर्ची आहे ना खिडकीशी? परदेशी गेलेल्याची खुर्ची टेबलापासून हलवायची नाही हा आईचा नियम तू पाळतेस, हे तू लिहिलेलं मला फार बरं वाटतं.

सात वर्षांपूर्वी टीव्हीवर थोरली पेटलेली पाहिली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. तू लिहिलंस, की सान व्हितोची मूर्ती पुढे नेली आणि लाव्हा शेजारच्या तोर्रिसीच्या भिंतीशी थांबला. तेव्हापासून दर रविवारी मी सान व्हितोला मेणबत्ती लावतो. इथल्या पाद्रीबाबांना वाटतं, मी भारी धार्मिक आहे.

तुझा,
चिरिनो


पिएत्राफोंदा
९ फेब्रुवारी २००९

चिरिनो, माझ्या बाळा,

तंबाखूवाल्याच्या दुकानात नेहमीप्रमाणे उभ्यानेच तुझ्या पत्राचं पाकीट फोडलं आणि मग त्याच्या स्टुलावर बसावं लागलं. त्याने पाणी दिलं. म्हणाला, "कोण गेलं?" मी म्हटलं, "मेल्या, कोणी गेलं नाही. येतंय."

तू येतोयस. एवढंच पुनःपुन्हा म्हणत घरी गेले.

पण हे बघ, डोंगरावर कशाला चढतोस? रस्त्याची पार चाळण झालीय. थोरली हल्ली चिडचिडी झालीय, सकाळी नीट असते आणि दुपारी वाळू टाकते. तुझे गुडघे ऊस तोडून तोडून गेलेले. तू खाली बंदरावरच थांब. मी सकाळच्या बसने येते. मासळीबाजाराजवळ एक चांगली खानावळ आहे, दिवसभर तिथे बसू. पास्ता मी डब्यात आणीन. सहल क्रमांक सात त्या पर्यटकांना लखलाभ.

त्या फोटोतल्या धुराड्यात बघण्यासारखं काय आहे? पडकं घर ते.

खुर्चीचं विचारलंस. खुर्ची जागेवरच आहे. तुझ्या गळ्याची शपथ, तिथून ती कोणी हलवलेली नाही.

इथे बदाम फुलले. तुला भेटायला मिळणार, म्हणून मी कालपासून विनाकारण भांडी घासतेय.

वेनेरा


इंगम
८ मार्च २००९

वेनेरा,

तुझं पत्र मी दहादा वाचलं. पहिल्यांदा हसलो. मग रोझाल्बाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, आत्याला तुम्ही घरी यायला नको आहात."

मी तिच्यावर ओरडलो. पण रात्रभर तेच डोक्यात. माझ्या बहिणीला माझे गुडघे केव्हापासून दिसायला लागले? लहानपणी माझा पाय मोडला होता तेव्हा तूच म्हणाली होतीस ना, "उठ, दुसरा आहे की"? आणि आता रस्ता खराब, वाळू पडते, खानावळ चांगली! सेहेचाळीस वर्षांनी मी येणार आणि माझी बहीण मला खानावळीत जेवायला घालणार?

सरळ विचारतो. घर विकलंस का?

विकलं असशील तर तसं लिही. मी भांडणार नाही. तू एकटी, वय झालं, वरून थोरलीचा शेजार. तुझ्या जागी मी असतो तर कदाचित मीही विकलं असतं. पण मला अंधारात ठेवू नकोस. नवा मालक आत घेणार नसेल तर मी नुसता बाहेर उभा राहीन, खिडकीतून आत बघेन आणि जाईन. मला ती खिडकी बघायची आहे, वेनेरा. ऊस तोडताना दुपारी डोळे मिटून मी त्या खिडकीशी जाऊन बसायचो. माणसाला कुठेतरी एक बसायची जागा लागते.

एप्रिलच्या सुरुवातीला बोट सुटेल. उत्तर पोर्ट सैदला बोटीच्या एजंटच्या पत्त्यावर पाठव, पत्ता मागे लिहिलाय. मी वाट बघतो.

चिरिनो


पिएत्राफोंदा
१४ एप्रिल २००९

चिरिनो,

घर विकलेलं नाही. घर थोरलीने नेलं.

त्या फोटोतलं धुराडं आपलं आहे. नीट बघ, किंवा रोझाल्बाला बघायला सांग. त्याच्या तोंडावर तेलाची उपडी बरणी आहे. तूच फोडली होतीस ती, आणि बाबांनी तुला बदडून झाल्यावर तिचं बूड काढून धुराड्यावर बसवली होती. जगभरचे लोक तुझ्या बरणीचा फोटो काढून नेतात.

तोर्रिसीच्या भिंतीशी काही थांबलं नाही. तोर्रिसीची भिंतही गेली आणि तोर्रिसीचा द्राक्षमळाही. सान व्हितोला आम्ही गाणी म्हणत पुढे नेलं खरं, पण दुपारी त्यालाच ट्रॅक्टरवर घालून खाली आणायची वेळ आली. तुझ्या मेणबत्त्या त्याने कशा घेतल्या कोण जाणे.

आता कसं झालं ते सांगते, कारण अजून एक गोष्ट सांगायची आहे आणि ती घरापेक्षा वाईट आहे.

थोरली किती हळू येते तुला ठाऊकच आहे. दोन दिवस ती चेस्टनटच्या झाडांतून कुरकुरत खाली येत होती. सामान खाली नेलं, पलंग नेले, मधाच्या पेट्या नेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने शिकवलं होतं तसं सगळं केलं. फरशी पुसली. काचा पुसल्या. टेबलावर आईचा शुभ्र टेबलक्लॉथ घातला, पाव ठेवला, चीज, ऑलिव्ह, दारूचा चंबू. दार सताड उघडं ठेवलं, म्हणजे तिला फोडावं लागू नये. एवढ्या लांबून चालत येते, दमलेली असते, तिला घरात नीट घ्यायला हवं. दारात पोलीस उभा होता, उत्तरेकडचा, नवा. डोळे फाडून म्हणाला, "बाई, घर जाणार आहे आणि तुम्ही फरशी काय पुसताय?" मी म्हटलं, "पाहुणी येतेय." तो म्हणाला, "तुम्ही सगळ्या वेड्या आहात. पलीकडच्या घरातली ग्लास पुसतेय!" ती तोर्रिसीची बायको.

आणि मग खुर्ची. पाहुणीला बसायला खुर्ची हवी ना? टेबलाजवळ चारच. बाबांच्या आणि आईच्या खुर्चीत परक्याला बसवायचं नाही, हे आपल्याकडे ठरलेलं. माझी रोजची, बूड झिजलेली, ती पाहुणीपुढे ठेवायची लाज वाटली. एकच चांगली, कोणी न वापरलेली होती. खिडकीशी. तुझी.

मी तुझी खुर्ची थोडी मागे ओढली, पाहुण्यांसाठी ओढतो तशी. तिला म्हटलं, बस. आणि बाहेर आले. तिसऱ्या प्रहरी ती खिडकीतून आत शिरली. मी रस्त्यावरून बघत होते. नेमकी खिडकीतूनच, चिरिनो. तुझ्याच जागी.

घर गेल्याचं मी तुला लिहिलं असतं रे. घरं जातात, इथे कोणाचं गेलं नाही? पण तुझी जागा मी माझ्या हाताने दुसऱ्याला दिली. इतकी वर्षं तू तिच्या भरवशावर तिकडे ऊस तोडत होतास, आणि मी एका सकाळी ती देऊन टाकली. त्यानंतर तू कधी येणार नाहीस असं माझ्या मनाने घेतलं. जागाच नाही तर माणूस येईल कशाला? म्हणून मी लिहीत राहिले की खुर्ची जागेवर आहे. खोटं नाही ते. आहेच ती जागेवर, फक्त वर दगड आहे.

आता मी तंबाखूवाल्याच्या माडीवर एका खोलीत राहते. आणि हो, सहल क्रमांक सातला मध चाखवते ती म्हातारी मीच. आपल्याच घराच्या डोक्यावर टपरी टाकून बसलेय. काय करणार, मधमाश्या वाचल्या होत्या.

तू आता बसने वर ये, किंवा येऊ नकोस. तुला वाटेल तसं कर. मी दोन्हीला तयार आहे. नाही, तयार नाही. ये.

वेनेरा


पोर्ट सैद
१५ मे २००९
(पोस्टकार्ड)

वेनेरा, एजंटकडे माझ्या नावाने काही नाही. दोनदा विचारलं. म्हणजे घर विकलंस. असो. मी सहल क्रमांक सातलाच येतो, त्या बिचाऱ्याच्या धुराड्याशी उतरून लांबून आपलं वळण बघतो. तू खाली बंदरावर थांबू नकोस, चुकामूक होईल. माझी तब्येत छान आहे. इथे दिवसभर जेवायला देतात. — चिरिनो


जिनोआ
२३ मे २००९

वेनेरा,

तुझं १४ एप्रिलचं पत्र मला आज मिळालं. आज! एजंटने ते चुकीच्या बोटीला दिलं होतं, ते इथे येऊन थांबलं. म्हणजे मंगळवारी मी वर आलो तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, आणि तू समजत होतीस की मी सगळं वाचून आलोय. त्या दिवशी तू तशी का वागलीस ते मला आत्ता कळतंय. तेव्हा माझ्या बाजूने काय झालं ते आता ऐक.

सकाळी माझ्या छातीवर सात नंबरचा स्टिकर चिकटवला. शाळेच्या पोरांसारखे आम्ही बसमध्ये. तो वाटाड्या, मेलो नावाचा, मोठा गोड माणूस, पण त्याच्या हातातला तो भोंगा! माझ्या कानातलं यंत्र त्या भोंग्याने असं किंचाळायला लागलं, की मी ते काढून खिशात टाकलं. त्यामुळे पुढचं सगळं मी बहिऱ्यासारखं पाहिलंय. थोरली दिसली. शेंड्यावर धूर. शेजारची ब्रिस्बेनची बाई माझं मनगट धरून काहीतरी ओरडली, बहुधा "केवढा!" म्हणाली असेल. मला म्हणायचं होतं, बाई, हळू, ती आमच्या घरची आहे.

मग वळण आलं, आणि वळण ओळखीचं, पण त्यापुढे काहीच ओळखीचं नाही. नुसतं काळं. मला वाटलं, रस्ता बदलला. बस थांबली. लोक उतरले, कॅमेरे काढले. मी सगळ्यात शेवटी उतरलो, डोकं वर केलं आणि धुराड्यावर माझी बरणी.

ती बरणी मी कुठेही ओळखीन. तिच्यापायी खाल्लेला मार अजून पाठीत आहे.

माझे पाय तिथेच थांबले. लोक पुढे होऊन फोटो काढत होते, एकजण मला हात करून बाजूला व्हायला सांगत होता, मी फोटोत येत होतो. आणि धुराड्याच्या पलीकडे, काळ्या दगडांवर, पांढरा टेबलक्लॉथ दिसला. त्यावर पाव, चीज, ऑलिव्ह, चंबू. वांग्याच्या पास्त्याचा डबा. आणि काळ्या झग्यातली एक लहानशी म्हातारी, हातात मधाचा चमचा. मला वाटलं होतं तू उंच असशील. माझ्या डोक्यात तू अजून उंचच होतीस.

तू धावत आलीस आणि माझी बाही धरलीस. काहीतरी बोललीस, खूप बोललीस. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी आपला मान हलवत होतो. तुला वाटलं असेल, मी सगळं समजून माफ करतोय. मी फक्त तुझं तोंड बघत होतो.

मग तू ताट वाढलंस. बसायला मी इकडे तिकडे पाहिलं, खुर्ची नव्हती. एक दगड ताटाजवळ बसायजोगा दिसला, मी त्यावर बसलो. आणि तू तोंडावर दोन्ही हात घेऊन हमसाहमशी रडायला लागलीस. मी म्हटलं, "काय झालं? दगड मोडेल का?" तू आणखीनच रडलीस. मला वाटलं, घर गेल्याचं रडते आहेस. त्या दगडाखाली नेमकी माझी खुर्ची होती, हे मला आज कळतंय.

मेलो घड्याळ बघत आला. तू त्याला काही सांगितलंस. त्याने माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि ड्रायव्हरकडे गेला. मग ड्रायव्हर टायरला लाथ मारून हात वर करताना दिसला. पंक्चर! त्या पंक्चरमुळे सहल क्रमांक सात तासभर तिथेच अडकली आणि तुझा सगळा मध संपला. नंतर मी बसमध्ये चढताना टायर बघितला, चांगला टणटणीत होता. त्या दोघांचं भलं होवो.

आता तुझ्या पत्राबद्दल. वाचून मी केबिनच्या पायरीवर बसलो तो उठलोच नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती, कारण तेव्हा मला तिचा अर्थ लागला नव्हता.

मी बसलो तो दगड गरम होता.

उन्हाने नव्हे, त्या दिवशी ढग होते, तुलाही आठवत असेल. आजूबाजूचे दगड थंडगार, मी हात लावून पाहिलं होतं. फक्त तोच, एका फटीवरचा, खालून गरम. चांगला उबदार, माझ्या गुडघ्यांना बरं वाटलं. आपल्याकडे थंडीत कोणी जेवून उठलं की आपण पळत जाऊन त्याच्या खुर्चीत बसायचो, आठवतं? बाबांची तर आपण भांडून घ्यायचो. अगदी तशी ऊब. मी विचारही करत होतो की ही ऊब कुठली ओळखीची लागतेय, तेवढ्यात तू पास्ता वाढलास आणि मी ते विसरलो.

वेनेरा, तू माझी जागा कोणाला देऊन टाकली नाहीस. तू थोरलीला म्हटलंस बस, आणि ती बसली. सात वर्षं ती तिथे बसून राहिली, जागा धरून. मी येईपर्यंत तिने ती दुसऱ्या कोणाला घेऊ दिली नाही. मी आलो आणि ती उठली.

रडू नकोस आता. मी रडतोय तेवढं पुरे.

मध मी आणायचा विसरलो. पंक्चरच्या नादात सगळा विकलास तू.

तुझा,
चिरिनो


पिएत्राफोंदा
२८ जून २००९

चिरिनो,

बहिरा तो बहिराच! मी तुला सगळं पुन्हा तोंडाने सांगितलं, क्षमा मागितली, सान व्हितोची शपथ घेतली, आणि तू गाढवासारखी मान हलवत होतास. मी मेलोला म्हटलं, "बघा माझा भाऊ, एका शब्दाने बोलला नाही मला." आता कळतंय का नाही बोलला ते.

तुझं पत्र मी तिथेच, त्या दगडाशेजारी बसून वाचलं. मग हात लावून पाहिलं. अजून गरम आहे. मी रोज तिथून जाते, रोज टपरी लावते, आणि सात वर्षांत मी एकदाही त्याला हात लावला नव्हता. भीतीने.

काल जर्मनांची बस आली होती. त्यांच्यातला एक लठ्ठ गृहस्थ, बिचारा घामाघूम, नेमका तिथेच टेकायला गेला. मी मधाचा चमचा उगारून ओरडले, "तिथे नको! ती जागा माझ्या भावाची आहे."

मेलोने भाषांतर केलं. तो गृहस्थ घाबरून उठला. इकडे तिकडे बघत म्हणाला, "कुठे आहेत ते?"

"जेवून गेला," मी म्हटलं.

"मग आता?"

"आता काय? पुन्हा भूक लागेल त्याला."

बाकी सगळं ठीक. बरणीवर काळी वाळू साचली होती, ती काल झाडली. मधाची बाटली वेगळी ठेवलीय, तुझ्या नावाची.

वेनेरा